पाय बघून जागा

आमच्या घरमालकांनी उभं आयुष्य सरकारी बस चालवण्यात घालवलं आणि निवृत्त झाले त्या दिवसापासून गाडीत बसायचं सोडलं. डेपोत हारतुरे झाले, नारळ मिळाला, आणि सहकाऱ्यांनी घरी पोचवायला जीप काढली तेव्हा हे नारळ काखेत मारून चालायला लागले. डेपो शहरात, घर पैठणजवळ गोदावरीच्या काठच्या खेड्यात. पोचले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोनदा कालवण गरम केलं होतं आणि एकदा पोलीस ठाण्यात जायचं म्हणून चपलाही घातल्या होत्या. हे मी ऐकलेलं. पण मालकांना ओळखायला लागल्यावर त्यातलं एक अक्षरही मला खोटं वाटेना.

मी त्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांची पुढची खोली भाड्यानं घेतली. मी शहरातल्या गुलमंडीत वाढलेली, म्हणजे माणसांच्या विक्षिप्तपणाला तशी सरावलेली. पहिल्या दिवशी सामान उतरवत होते, तर एक उंच, हडकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्या स्कूटीभोवती फेरी मारून आले, मागच्या चाकाला त्यांनी अनवाणी पायानं टोला दिला आणि विचारलं, "हवा बघितली का?"

मी म्हटलं, गाडी नवी आहे.

"नव्या गाडीचीच हवा जाती, बाई. जुनीला सवय असती."

पुढं कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. रोज सकाळी घराभोवती त्यांची फेरी असे. पाण्याचा पिंप, गॅसची टाकी, शेजारची म्हैस, जे वाटेत येईल त्याला थाप मारून पुढं जायचं. माझी चौथीची मुलं परीक्षेला निघाली की ओट्यावरून हाक यायची, "हवा बघितली का रे?" आणि मुलं इमानदारीत कंपासपेटी उघडून पेन्सिलींची टोकं बघायची.

लग्नकार्याला जायचं म्हणजे मोठीच मजा. काकू बसनं जायच्या आणि हे आदल्या दिवशीच चालत निघायचे. एकदा शहरातल्या भाचीच्या लग्नाला हे पोचले तेव्हा मांडववाले बांबू सोडत होते. काकू सांगायच्या, "बिडकीनच्या पुढं रस्त्यानं चाललेले दिसले. मी खिडकीतनं हात केला. वळून बघितलं नाय. घरी आल्यावर म्हणत्यात, तुझ्या गाडीचा ड्रायव्हर वळणाला हॉर्न देत नव्हता." हे सांगताना त्या हसायच्या. नवऱ्याबद्दल तक्रार करायची काकूंची पद्धतच ती होती.

या माणसाची नदीकाठी जमीन होती. फार नाही, पण उतारावरची, मऊ, आणि पायऱ्या उतरल्यासारखं थेट पाण्यात उतरता येईल अशी. नाथषष्ठीला पैठणला चालत येणाऱ्या दिंड्यांना ही जमीन त्यांनी मुक्कामाला मोकळी ठेवली होती. फाल्गुन लागला की तिथला हरभरा निघालेला असायचा. हे खुरपं घेऊन एकेक धसकट काढत बसायचे, म्हणजे रात्री कुणाच्या पाठीला टोचू नये. पाणी नदीचं, जळण बांधावरच्या बाभळीचं, जागा मालकांची. फलक नव्हता, पावती नव्हती. कुणी 'मोफत' म्हटलं तर त्यांना आवडत नसे. म्हणायचे, "फुकट म्हटलं की माणूस चोरावानी झोपतंय."

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तुरीच्या शेंगा सोलता सोलता. नोकरीत दरवर्षी षष्ठीला त्यांच्याकडे जादा गाडी असायची. भाविकांना आणायचं, सोडायचं, परत आणायला जायचं. नाथांच्या दारापर्यंत त्यांनी किती माणसं आणून टाकली असतील त्याचा हिशोब नाही, पण गाडी सोडून स्वतः उतरायला कधी मिळालं नाही. म्हणून निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी ते एका दिंडीबरोबर शहरातून पायी निघाले. शेवटच्या मुक्कामाला एका मोठ्या शेतात उतरले, तर जमीनमालकाच्या माणसानं भरल्या ताटावरून सगळ्यांना उठवलं. पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या होत्या.

"गाडीत बसून आलेल्याला परत जायला गाडी असती, बाई," मालक म्हणाले. "चालत आलेल्यानं कुठं जावं?"

मला हे पटलं. फक्त या पटलेल्या गोष्टीचा त्यांनी कायदा केला, आणि मालकांच्या हातात कायदा म्हणजे मग विचारू नका. बांधावर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, त्याला एकच फट, आणि फटीत पालथ्या डब्यावर मालक. आत मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकानं तळपाय दाखवायचे. धुळीनं माखलेले, भेगाळलेले, फोड आलेले असतील तर आत. गाडीतून आलेला असेल तर राम राम घालून परत.

एका वर्षी तालुक्यातले एक पुढारी जीपमधून आले. बरोबर केळ्यांचे घड आणि स्वतःच्या फोटोचं भलंमोठं कापड. मालकांनी त्यांनाही पाय मागितले. बूट निघाला, मोजा निघाला, आतून लोण्यासारखा पांढरा पाय निघाला. मालकांनी तो बराच वेळ पाहिला आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, बिडकीनपर्यंत मागं जा आन् चालत या. आम्ही जेवायचं थांबतो." साहेब गेले ते गेले. केळी मात्र राहिली, आणि कापडही. दिंडीतल्या बायकांनी ते रात्री अंथरायला घेतलं. फोटो खाली करून, कारण एक बाई म्हणाली, माणसाच्या तोंडावर झोपणं बरं नाही.

पण पाय बघायच्या या पद्धतीनं एकदा मालकांनाच तोंडघशी पाडलं. सिल्लोडकडची एक दिंडी दरवर्षी यायची. तिच्या पुढं एक म्हातारी असायची, काळी, ठेंगणी, आवाज ढोलासारखा. सगळे तिला माय म्हणायचे. त्या वर्षी मायच्या मागून दिंडीतल्या सगळ्या बायका फटीपाशी आल्या, तर त्यांचे पाय स्वच्छ. धुळीचा कण नाही. मालकांनी हात आडवा घातला.

"गाडीतनं आलात."

"काय म्हणला?" माय म्हणाली.

"पाय सांगायलेत."

मायनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "सिल्लोडपासून पाय तुडवत आलाव आम्ही. गावात नळ दिसला म्हणून धुतले. नदी हाय, नाथाची हद्द हाय, घाण पायानं आत शिरायचं व्हय? तुमच्याकडं देवाच्या दारात चिखल घेऊन जात्यात का?"

गावात शिरताना पाय धुवायचे ही जगाची रीत, आणि मालकांना तर मळलेलेच पाय हवे होते. त्यात बायकांनी परक्या पुरुषासमोर तळपाय वर करायचा, हेही त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांच्या मिशा हलल्या. डबा उचलून ते बाजूला झाले. माफी मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्या दिंडीच्या चुलींना पुरेल एवढं पाणी त्यांनी एकट्यानं वर आणलं. आणि पुढल्या वर्षापासून बायकांचे पाय बघायचं काम काकूंकडे आलं.

इथं खरी मेख होती. काकूंचे गुडघे गेलेले होते. घरात भिंतीला धरून त्या सगळं करायच्या, पण नदीकाठच्या शेतापर्यंत चालणं त्यांच्यानं होणं शक्य नव्हतं. मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून, मधे भाकरीचं टोपलं अडकवून नेत असे. म्हणजे कायद्यानं त्या गाडीतून आलेल्या. म्हणजे त्यांची जागा कुंपणाबाहेर. बांधाच्या अलीकडे खडकाळ पडीक तुकडा होता. तिथं एका दगडावर पटकूर टाकून काकू बसायच्या, बायका त्यांच्यापुढं पाय सोडायच्या, आणि काकू पाय बघता बघता खोबरेल तेल चोळायच्या. त्यांनी कुणालाही परत पाठवलं नाही. रिक्षानं आलेल्या दोन बाळंतिणींनासुद्धा त्या "लई चालल्या गं बायांनो" म्हणून आत ढकलताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. मालक दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. त्यांना हे दिसत नसेल असं मला वाटत नाही, पण ते तिकडं कधी बघायचे नाहीत.

मग अंधार पडायच्या आत आतल्या चुली पेटायच्या, टाळ निघायचे, मालक फटीवर काटेरी फांदी ओढून आत जायचे, आणि काकू रिकामं टोपलं घेऊन माझ्या मागं बसायच्या. दरवर्षी हेच चालायचं.

सिल्लोडच्या दिंडीचं सामान वाहणाऱ्या टेम्पोचे ड्रायव्हर चाचाही आमच्याच, कुंपणाबाहेरच्या पंगतीतले. म्हणायचे, "मालक, तुम बी ड्रायवर, हम बी ड्रायवर. हमकू बाहर कायकू रखरें?" पण चाचांची सोय झालेली असायची. मालक त्यांना घरी पाठवायचे, स्वतःच्या खाटेवर झोपवायचे, आणि मला बजावायचे की सकाळी शाळेची घंटा जरा हळू वाजवा, ड्रायव्हर झोपलाय. परक्या ड्रायव्हरच्या झोपेची एवढी काळजी, आणि स्वतःची बायको दगडावर. मला फार राग यायचा. एकदा मी तो बोलून दाखवला.

"स्वतःच्या माणसाला तुम्ही काट्याबाहेर ठेवता. हा कसला धर्म?"

मालक रागावले नाहीत. "बाई, ओळखीच्या माणसासाठी थांबा सोडून मधेच गाडी थांबवली, तर मागं बसलेले सगळे बघत असत्यात. ते काय बोलत नायत. पण त्या दिवसापास्नं गाडी त्यांची राहत नाय, माझी हुती." थोडं थांबून म्हणाले, "तिला म्हटलं हाय मी. सकाळी निघ, बसत बसत ये. मी थांबतो."

आतून काकूंचा आवाज आला, "मी निघाले तर पुढल्या षष्ठीला पोचंन."

मला हसू आलं आणि हसल्याचा रागही आला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "सुंभ जळंल पर पीळ जायाचा नाय. मला माहीत हाय ना पीळ, मग?" आणि दळणाचा डबा माझ्याकडे सरकवला.

गेल्या पौषात मालक न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुबा मोडला. मुलानं, तो बिडकीनला कारखान्यात असतो, गाडी आणली. पण नेलं ते बेशुद्धीत, म्हणून त्या प्रवासाबद्दल वाद झाला नाही. शहरात शस्त्रक्रिया झाली. परत आणलं ते रुग्णवाहिकेत आडवं निजवून, आणि निजणं त्यांनी बसण्यात धरलं नाही. घरी आले ते चार पायांचा वॉकर घेऊन, आणि निम्मे होऊन. सकाळची फेरी बंद पडली. खाटेवर पडल्या पडल्या ते भिंतीला थाप मारायचे.

फाल्गुन जवळ आला तसं त्यांचं चित्त ठिकाणावर राहीना. शेतातली धसकटं कुणी काढली, हे ते दिवसातून दहा वेळा विचारायचे. डॉक्टरांनी अंगणापलीकडे जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, "आबा, गाडीनं सोडतो. थेट नदीपर्यंत नेतो." काकूंनीही तेच सांगितलं, मीही. ते ऐकून घ्यायचे आणि वॉकर धरून अंगणात चालायचे. दात आवळून, घामानं बनियन भिजेपर्यंत. त्यांना काय करायचं होतं ते सगळ्यांना कळत होतं. आपल्या जमिनीवर, षष्ठीच्या मुक्कामाला, पायी पोचायचं होतं.

एक दिवस पहाटे खाट रिकामी दिसली. मी स्कूटी काढली. ते मारुतीच्या पारापर्यंत गेले होते. वॉकर समोर उभा आणि हे पारावर टेकलेले, चेहरा पांढराफटक. मला पाहून म्हणाले, "हवा गेली, बाई." मी त्यांच्या शेजारी बसले. तिथूनच त्यांच्या मुलाला फोन केला. एवढ्या उंच माणसाचे खांदे असे खाली आलेले मी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांच्यावरचा माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मुलगा गाडी घेऊन आला. मालक दार धरून आत बसले.

दिंड्या यायच्या दिवशी दुपारीही ते तसेच गाडीत बसले. मुलानं टपावर खाट बांधून गाडी फटीपर्यंत नेली, मागून स्कूटीवर काकू आणि मी. मुलाला वाटलं, आता आत घेऊ. तो फांदी ओढायला उतरला.

"इथंच," मालक म्हणाले.

"आबा, आत सावली आहे."

"गाडीतनं आलेल्याला आत मुक्काम नाय."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी काकूंकडे. काकूंनी पडीक तुकड्यावर, त्यांच्या दगडाशेजारी बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "खाट तिथं टाक." तशी खाट टाकली. मालक बसले. फटीत डबा पालथा होता, पण त्यावर बसायला कुणी नव्हतं.

उन्हं कलता कलता सिल्लोडची दिंडी आली. सगळ्यात पुढं चाचांचा टेम्पो. चाचा उतरले, खाट पाहिली, आणि मालकांच्या शेजारी बसून म्हणाले, "आओ मालक. आज तुम बी हमारी लाइन में आ गए." मालकांनी मान डोलावली. मागून माय आली. तिनं वॉकर पाहिला, मालकांचे पाय पाहिले.

"हितं कामून बसलाव?"

मालकांनी सांगितलं.

"जागा तुमची हाय की."

"माझी हाय म्हणूनच."

दिंडीतले तरुण पुढं झाले. चौघं खाटेला धरतो, अलगद नेऊन ठेवतो. काकू चटकन म्हणाल्या, "नको रे. चौघांनी उचलायला अजून वेळ हाय." मालकसुद्धा हसले. पण जागचे हलले नाहीत.

मायनं एकदा कुंपणाच्या फटीतून आत पाहिलं. आत साफ केलेला मऊ उतार, आणि धरणातून सोडलेलं पाणी काठाला लागलेलं. मग तिनं मागं वळून दिंडीकडे पाहिलं. काकूंच्या दगडापाशी आली, डोक्यावरचं गाठोडं तिथं टाकलं आणि पायानं खडे बाजूला सारायला लागली. तिच्या मागून दुसरी बाई आली, तिसरी आली. तरुणांनी टेम्पोतून पालं काढली आणि पडीक तुकड्यावरच खुंट्या ठोकायला घेतल्या. दगडात खुंटी जाईना, तर दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. मागून आलेल्या दिंड्याही ते बघून तिथंच टेकल्या.

"अरे, हितं पाठी मोडत्याल तुमच्या," मालक ओरडले. "पाणी तिकडं, मऊ जागा तिकडं. येडे झालात का?"

"तुम्ही गप बसा," माय म्हणाली. "जागेसाठी येतोत व्हय आम्ही? पैठणात जागा लई हाय."

मालक गप बसले, पण थोडाच वेळ. मग खाटेवरून सूचना सुरू झाल्या. चुली वाऱ्याच्या खाली, पालांमधे वाट सोडा, टेम्पोचं तोंड रस्त्याकडं असू द्या. आत साफ केलेली सगळी जमीन रिकामी पडली होती, आणि बाहेर खडकावर माणूस माणसाला चिकटून बसलं होतं. मीही बसले. स्कूटीची किल्ली पर्समधे टाकली. इतक्या वर्षांत मी त्या मुक्कामात कधी जेवले नव्हते.

काकूंना तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. मुक्काम त्यांच्या दगडाभोवती पडला होता. टोपलं रिकामं करून परत निघायची घाई नव्हती. कुणी त्यांना पिठलं वाढत होतं, कुणी पाठीला उशी देत होतं. त्या एका पोरीची टाच मांडीवर घेऊन तेल चोळत होत्या आणि नेहमी घरी बोलतात त्याच्या दुप्पट बोलत होत्या.

टाळ निघाले. मालकांनी मान उंच करून बांधाकडे पाहिलं. मग खाटेवर जरा डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे वाकून पाहिलं.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "इथनं नदी दिसत नाय."

"नाय दिसत."

"इतकी वर्षं बोलली नाय तू."

काकूंनी पोरीची दुसरी टाच मांडीवर घेतली. "मी काय नदी बघाया येत हुते व्हय?"

तेलाची वाटी खाली दगडावर होती, आणि प्रत्येक वेळी बोट बुडवायला काकूंना गुडघ्यावर हात दाबून वाकावं लागत होतं. मालकांनी वॉकर बाजूला सारला, खाटेच्या कडेला सरकले, वाकून ती वाटी उचलली आणि काकूंच्या हाताला लागेल अशी धरली. भजन चांगलंच लांबलं. काकू एकेक पाय घेत होत्या, आणि मालक वाटी धरून बसले होते.